विषाणूच्या अंगावरची साखर

पावसाळा लागला की दवाखान्यात काविळीचे रुग्ण येऊ लागतात आणि त्यांच्यासोबत काविळीचे जुने प्रश्नही येतात. हळद बंद करायची का? उसाचा रस किती पाजायचा? अमुक गावात गळ्यात माळ घालतात, जाऊन यावे काय? या प्रश्नांची उत्तरे मला आता पाठ झाली आहेत. परंतु गेल्या पावसाळ्यात एका कुटुंबाने जो प्रश्न विचारला तो मला आजवरच्या व्यवसायात प्रथमच कोणी विचारला. त्याचे उत्तर देण्यासाठी मला दोन दिवस पुस्तके उघडून बसावे लागले. त्या कुटुंबाच्या परवानगीनेच हा लेख लिहीत आहे. नावगाव अर्थातच देत नाही.

मालेगाव तालुक्यातले पंचेचाळिशीचे शेतकरी. अंगाने धडधाकट, व्यसन नाही, सोयाबीन-तुरीची शेती. गावातल्या रक्तदान शिबिरात त्यांनी रक्त दिले आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे आले. रक्तात हिपॅटायटिस-बी चा विषाणू आहे, डॉक्टरांना दाखवा, असे तिथे सांगितले. घरी एकदम सुतक पडल्यासारखे झाले. मुलगा कृषी महाविद्यालयात शिकतो. त्याने मोबाइलवर शोध घेतला, आणि तिघेही माझ्यासमोर येऊन बसले.

"सायेब, मी चहातली साखर बंद केली, गूळ बी बंद केला," ते म्हणाले. "पोरानं वाचलं, या विषाणूच्या अंगावर साखर असते म्हणे."

त्यांच्या पत्नी लगेच म्हणाल्या, "आन् माहा भाऊ म्हणते, काविळीत उसाचा रस पाजा. मंग साखर द्यावं का बंद करावं जी?"

मुलाने वाचले ते खरे होते. त्यावरून वडिलांनी काढलेला अर्थ मात्र चुकीचा होता. अर्धे खरे वाचले की असे होते. विषाणूवर साखर असते. पण ती आपण खाल्लेल्या साखरेतून त्याला मिळते आणि आपण साखर सोडली की तो उपाशी मरतो, असे मुळीच नाही. मग ती साखर कोणती, कुठून येते, आणि तिचा आपल्या जगण्यामरण्याशी काय संबंध, हे आज पाहू.

साखर म्हटले की आपल्याला डबा आठवतो, नाहीतर मधुमेह. शरीरशास्त्रात साखर हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. ग्लुकोज हा त्यातला एक भाऊ. मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्युकोज अशी आणखी भावंडे आहेत. आपल्या पेशी ही भावंडे एकमेकांना जोडून लहान लहान साखळ्या बनवतात आणि त्या प्रथिनांवर टांगतात. होळी-पाडव्याला आपण लेकरांच्या गळ्यात साखरेची गाठी घालतो ना, तशीच ही गाठी समजा. फक्त हिला फांद्या फुटलेल्या असतात. प्रथिनावर अशी गाठी चढवण्याच्या क्रियेला ग्लायकोसायलेशन म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट जड नाही.

ही गोष्ट तुमच्या ओळखीचीच आहे. तुमचा रक्तगट ए आहे की बी, हे कशावरून ठरते? लाल रक्तपेशीच्या पृष्ठभागावरच्या साखळीच्या टोकाला कोणती साखर आहे, यावरून. ए गटात एक साखर, बी गटात दुसरी, एबीत दोन्ही, आणि ओ गटात ती टोकाची साखर नाहीच. एवढ्याशा फरकाने चुकीचे रक्त चढले तर माणूस दगावू शकतो. शरीर साखरेची गाठी किती बारकाईने वाचते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

इथे मधुमेहाचे रुग्ण हटकून विचारतात, "म्हणजे ती तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, तेच काय?" नाही. त्या तपासणीत रक्तातले ग्लुकोज हिमोग्लोबिनला आपोआप चिकटलेले असते, ओल्या गुळाला धूळ चिकटते तसे. साखर जास्त तर चिकटणे जास्त. त्याला ग्लायकेशन म्हणतात. नावे जुळ्या भावांसारखी, कामे वेगळी. ग्लायकोसायलेशन हे पेशीने स्वतःच्या हाताने, ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापाने केलेले काम आहे. चहात दोन चमचे टाकले की एकही नाही, त्यावर ते अवलंबून नाही. उपाशी माणसाच्या यकृतातही ते चालूच असते. म्हणून पहिला निकाल तिथेच देऊन टाकला: चहात साखर घ्या, बेताने घ्या. उसाच्या रसाने विषाणू जात नाही. उलट गाड्यावरच्या रसातल्या बर्फातून आणि पाण्यातून ए किंवा ई प्रकारची कावीळ पदरात पडायची. हळद खाल्ल्याने डोळे पिवळे होत नाहीत. बंद करायची ती फक्त दारू. हे गृहस्थ पीतच नव्हते, तेव्हा तो प्रश्न नव्हता.

आता विषाणूकडे येऊ. अमेरिकेतले डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. त्यांनी त्याला ऑस्ट्रेलिया अँटिजेन नाव दिले. पुढे कळले की हे हिपॅटायटिस-बी विषाणूच्या अंगरख्याचेच प्रथिन आहे. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. आमच्या वेळचे प्राध्यापक 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' हाच शब्द वापरत. आज प्रयोगशाळेच्या कागदावर तेच एचबीएसएजी म्हणून छापून येते.

हा विषाणू फार लहान. त्याचा व्यास ४२ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर जवळपास २४ हजार विषाणू शेजारी शेजारी बसतील. आत त्याची आनुवंशिक माहिती आणि बाहेर एक अंगरखा. अंगरख्यात एकाच घडणीची तीन प्रथिने असतात, लहान, मधले आणि मोठे. सर्वांत जास्त असते ते लहान. ते २२६ अमिनो आम्लांची माळ आहे, आणि त्यातल्या १४६ व्या मण्यावर साखरेची गाठी लटकते. गंमत अशी की सगळ्यांवर लटकत नाही. साधारण निम्म्या प्रथिनांवर असते, निम्म्यांवर नसते. मधल्या प्रथिनावर मात्र आणखी एक गाठी असते, अगदी सुरुवातीला, चौथ्या मण्यावर. ही दुसरी गाठी लक्षात ठेवा.

विषाणूजवळ साखर बनवण्याचे कसलेही यंत्र नाही. त्याच्याजवळ स्वतःचे असे फारच थोडे आहे. यकृताच्या पेशीत शिरायचे, तिच्या कारखान्यात आपली प्रथिने बनवून घ्यायची, तिच्याच साखरेची गाठी घालून घ्यायची आणि बाहेर पडायचे, असा त्याचा कारभार. चोराने घरात शिरून घरमालकाचेच कपडे घालून दारातून निघून जावे, तसे.

पण दारावर पहारा असतो. आपल्या बाजार समितीत माल आला की आधी चाळणी, ओलावा, मग काटा, मग पावती. पावतीशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. पेशीत असेच फाटक आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. नव्या प्रथिनावर इथे १४ साखरेच्या मण्यांची गाठी चढवली जाते आणि तिच्या टोकाला ग्लुकोजचे तीन मणी असतात. त्यातले दोन कापले जातात. एक शिल्लक राहिला की कॅलनेक्सिन नावाचा पहारेकरी ते प्रथिन धरून ठेवतो. ते नीट घडी होईपर्यंत हलू देत नाही. घडी जमली, शेवटचा मणीही निघाला, की सुटका. घडी चुकली तर माल परत, आणि शेवटी मोडीत.

हिपॅटायटिस-बी चे मधले प्रथिन या पहारेकऱ्याच्या हातून गेल्याशिवाय नीट घडत नाही, आणि त्यासाठी त्याला चौथ्या मण्यावरची ती गाठी लागते. म्हणजे विषाणूला बाहेर पडण्याची पावती साखरेवर लिहून मिळते.

हे लक्षात आल्यावर संशोधकांनी विचार केला, गाठीचे मणी कापणारी कात्रीच बोथट केली तर? १९९४ साली अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर हे करून पाहिले. त्यात स्वतः ब्लुमबर्गही होते. साखरेसारख्या दिसणाऱ्या एका औषधाने कात्री अडवली आणि विषाणू पेशीच्या आतच अडकून पडले. १९९८ मध्ये त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाने वुडचक या अमेरिकन प्राण्याच्या रक्तातला विषाणू कमी झाला. या प्राण्याला हिपॅटायटिस-बी च्या चुलत विषाणूची लागण होते. माणसाच्या हिपॅटायटिस-बी वर मात्र हे औषध अजून गोळीच्या रूपात आलेले नाही. कात्री बोथट केली की आपलीही प्रथिने अडतात, ही त्यातली मोठी अडचण.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. या औषधांचे मूळ रूप तुतीच्या झाडात सापडते. रेशीम किड्यांसाठी तुती लावणारे शेतकरी विदर्भात आहेत. हा लेख वाचून कोणी तुतीच्या पाल्याचा काढा काविळीवर देऊ लागेल, अशी मला धास्ती वाटते. तसे करू नका. पाल्यातला अंश आणि प्रयोगशाळेतले बदल केलेले औषध यांत कापसाच्या बोंडाइतका आणि शिवलेल्या सदऱ्याइतका फरक आहे.

बाहेर पडताना विषाणू आणखी एक लबाडी करतो. खऱ्या विषाणूंबरोबर तो नुसत्या अंगरख्याचे रिकामे गोळे रक्तात सोडतो. एका खऱ्या विषाणूमागे असे हजार, कधी लाखभरही गोळे. सोयाबीनच्या शेंगा भरलेल्या दिसाव्यात आणि फोडल्यावर पोचट निघाव्यात, तसे. त्यांच्यात आनुवंशिक माहिती नसते, म्हणून ते रोग पसरवत नाहीत. पण शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे या पोचट गोळ्यांवरच खर्च होतात आणि खरा विषाणू निसटतो. आपण जी एचबीएसएजी तपासणी करतो ती मुख्यतः या गोळ्यांनाच पकडते. चोराने उधळलेल्या भुश्यावरून चोराचा माग काढावा, तशी ती युक्ती आहे.

नव्या पेशीत शिरतानाही साखर आडवी येते. यकृताच्या पेशीबाहेर हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या लांब दोऱ्या लोंबत असतात. रक्त पातळ ठेवायला दवाखान्यात हेपरिन देतात, त्याची ही सख्खी बहीण. विषाणू आधी या दोऱ्यांना सैलसर चिकटतो, मग खरे दार शोधतो. ते दार म्हणजे पित्तक्षार आत घेणारे एक प्रथिन, हे २०१२ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी दाखवले. असे दार मुख्यतः यकृतातच असते. हा विषाणू रक्तातून सगळीकडे फिरूनही यकृतातच का घर करतो, त्याचे उत्तर यात आहे.

"मंग लसीचं काय? लस साखर ओळखते का?" मुलाने विचारले. मला हा प्रश्न फार आवडला.

१९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस बाधित माणसांच्या रक्तातले ते पोचट गोळे वेगळे काढून, शुद्ध करून बनवली होती. तिच्यातल्या प्रथिनांवर माणसाची साखर होती. लस चांगली होती, पण रक्तापासून बनली म्हणून लोक बिचकत आणि ती महागही होती. १९८६ मध्ये दुसरी रीत आली. विषाणूच्या अंगरख्याचा फक्त एक जनुक यीस्टमध्ये घालायचा आणि प्रथिन यीस्टकडून बनवून घ्यायचे. पाव फुगवतो ते यीस्ट. या लसीतल्या प्रथिनावर ती साखरेची गाठी नसते. तरीही लस उत्तम काम करते. कारण आपली संरक्षण यंत्रणा गाठीपेक्षा प्रथिनाचे एक ठरावीक वळण लक्षात ठेवते, साधारण १२४ ते १४७ या मण्यांमधले. साखर त्या वळणाच्या कडेला बसते. विषाणूच्या निम्म्या प्रथिनांवर ती नसतेच, तेव्हा ओळख पटायला अडचण येत नाही. चोराचा चेहरा पाठ असला की त्याने टोपी घातली काय नि काढली काय.

आपल्या देशात ही यीस्टची लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने प्रथम बाजारात आणली आणि परदेशी लसीचे भाव एकदम खाली आले. नंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही आपली लस काढली. १९९८-९९च्या सुमारास तालुक्याच्या गावांतून काविळीच्या लसीची शिबिरे होत असत, ती जुन्या वाचकांना आठवत असतील. शाळेच्या व्हरांड्यात रांगा लागत. दुर्दैवाने पहिल्या डोसला जेवढी रांग असे, तेवढी तिसऱ्याला नसे. शिवाय 'काविळीची लस घेतली' म्हणून पुढे दूषित पाण्याने कावीळ झाली की लोक लसीला दोष देत. ही लस फक्त बी प्रकारावर आहे. पाण्याच्या काविळीशी तिचा संबंध नाही.

टोपी कधीकधी चेहऱ्यावरही ओढली जाते, हेही सांगितले पाहिजे. काही रुग्णांत विषाणूच्या माळेत असा बदल आढळला आहे की त्या ठरावीक वळणावर एक जादा गाठी लटकते. मग प्रतिपिंडे फसू शकतात आणि कधी कधी आपली तपासणीही. हे क्वचित घडते. म्हणून यकृत बिघडलेले दिसते आहे आणि एचबीएसएजी नकारार्थी आली, तरी डॉक्टर कधी विषाणूच्या डीएनएची तपासणी सांगतात. तेव्हा 'एकदा तपासले ना, पुन्हा कशाला पैसे' असे म्हणू नये.

हे सगळे समजावून होईपर्यंत त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला होता. मग त्यांनी हळूच विचारले, "पण हे मले आलं कुठून?" आणि इथून तो दिवस माझ्यासाठी अवघड झाला.

हा विषाणू रक्तातून आणि शरीरातल्या इतर स्रावांतून पसरतो. एकाच ताटात जेवल्याने, गळाभेटीने, एका माठातले पाणी प्यायल्याने पसरत नाही. दूषित सुई, न्हाव्याचा न बदललेला वस्तरा, जत्रेतले गोंदण, शारीरिक संबंध, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाळंतपणात आईकडून बाळाला. वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो किमान सात दिवस तग धरतो. प्रौढ माणसाला लागण झाली तर शंभरातले पंचाण्णव जण त्याला सहा महिन्यांत हाकलून लावतात. जन्मतः लागण झाली तर उलटे होते. शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. बाळाची संरक्षण यंत्रणा त्याला घरचाच समजते. यकृताचे नुकसान विषाणू स्वतः फारसे करत नाही, आपल्या संरक्षक पेशी त्याच्यावर तुटून पडतात तेव्हा होते. म्हणूनच वीस-तीस वर्षे काहीच त्रास होत नाही. ना डोळे पिवळे, ना ताप. आणि मग एके दिवशी पोटात पाणी होते.

मी विचारले, घरात कोणाला यकृताचा आजार होता काय?

"माय गेली ते पोटात पाणी होऊनच," ते म्हणाले. "आन् दादा. दादाले तर तुमीच पाहिलं होतं, सायेब."

मला दादा आठवले. २००३ साल. छत्तीस-सदतीस वर्षांचा माणूस, पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्यांसारखे. मी त्यांना तीनदा विचारले होते, दारू किती घेता? तिन्ही वेळा ते म्हणाले, डॉक्टर, मी शिवतही नाही. मी कागदावर लिहिले, 'दारू घेत असल्याचे नाकारतो.' या शब्दांत जो अविश्वास आहे तो डॉक्टरांना कळतो. लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या, मग अकोल्याला पाठवले, आणि दोन महिन्यांत ते गेले. एचबीएसएजीची तपासणी तेव्हा गावात होत होती. मी ती लिहून दिली नाही. डोळ्यांसमोर जलोदर आणि मनात दारू, एवढ्यावर मी थांबलो. गावानेही तेच धरले, चोरून पीत असणार. त्यांच्या पत्नीने ते बोलणे वीस वर्षे ऐकले.

ती तपासणी केली असती तर दादा वाचले असते, असे मी म्हणणार नाही. आजार फार पुढे गेला होता. पण त्यांच्या भावंडांची तपासणी तेव्हाच झाली असती. लहान भाऊ वीस वर्षे आधी माझ्यासमोर आला असता. आणि माणसाच्या नावावर दारूडा असा शिक्का बसला नसता. आईची तपासणी कधीच झाली नव्हती, पण मुलांकडे पाहता सुरुवात तिच्यापासूनच झाली असावी.

उलटा आणखी एक विचार त्या रात्री मनात आला. मी व्यवसाय सुरू केला तेव्हा काचेच्या सिरिंज आणि त्याच त्या सुया होत्या. स्टोव्हवर पाणी उकळायचे आणि गर्दी असली की पुरेसे उकळले की नाही हे घड्याळावर नव्हे, अंदाजावर ठरायचे. त्या काळात 'सुई मारा' म्हणणाऱ्याला सुई मारली नाही तर तो दुसऱ्या दवाखान्यात जाई. माझ्या सुईने कोणाला काही दिले नसेलच, असे छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. हा धोका जुना झाला असेही नाही. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस-बी ची साथ पसरली आणि अनेक बळी गेले. इंजेक्शन घ्यावेच लागले तर सुईचे पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. मला सांगितले तरी मी रागावणार नाही.

"तुम्हाला बहीण आहे का?" मी विचारले. होती. रिसोडकडे दिलेली, पन्नाशीची. आणि तिची पंचवीस वर्षांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आठवा महिना.

दोन दिवसांत सगळ्यांची रक्ते तपासली. शेतकऱ्याच्या पत्नी आणि मुलगा दोघेही नकारार्थी. त्यांना शून्य, एक आणि सहा महिने असे लसीचे तीन डोस सुरू केले. दादांच्या घरी सगळे नकारार्थी. बहीण होकारार्थी. आणि तिची मुलगी होकारार्थी, रक्तात विषाणूची संख्या फार मोठी. आजीकडून आईला, आईकडून मुलीला, आणि आता चौथी पिढी दारात उभी. गरोदरपणी तिची हिमोग्लोबिन आणि साखर तपासली होती. एचबीएसएजी कोणी तरी कागदावर लिहिली होती, ती करायची राहून गेली होती.

विषाणूची संख्या एवढी असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिरची रोज एक गोळी देतात. बाळाकडे जाणारा विषाणू त्याने कमी होतो. थोडा उशीर झाला होता, पण तज्ज्ञांच्या सल्ल्याने गोळी लगेच सुरू केली. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे आणि जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, जमल्यास पहिल्या बारा तासांतच, बाळाला दोन इंजेक्शने मिळावीत, एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडे, हे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन ऐनवेळी मिळत नाही. ते आधीच आणून शीतपेटीत ठेवायला सांगितले. लसीचा जन्मडोस मात्र सरकारी दवाखान्यात मोफत असतो. २०११ पासून देशभरच्या नियमित लसीकरणात ही लस आहे. जन्मडोसनंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, आता पाच रोगांच्या एकत्रित लसीतून. आजीबाई म्हणतात, पाचवी झाल्याशिवाय लेकराला सुई नको. पाचवीपर्यंत विषाणू थांबत नाही.

दूध पाजायचे का, हे मुलीच्या सासूबाईंनी फोनवरून विचारले. पाजायचे. लस दिलेल्या बाळाला आईच्या दुधाने ही लागण होत नाही. सुनेला वेगळे ताट-वाटी देण्याचे त्यांच्या मनात होते. तसे काहीही करायचे नाही, हेही सांगितले. फक्त ब्लेड, टूथब्रश, नेलकटर ज्याचे त्याचे ठेवा.

शेतकऱ्याचे यकृत तपासले. सूज थोडी होती, रक्तातला विषाणू बराच होता, म्हणून रोजची गोळी सुरू झाली. २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या आणि औषधे मोफत आहेत, आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्यासाठी चौकशी करता येते. गोळीने विषाणू दबतो, मुळासकट जात नाही. त्याची एक प्रत पेशीच्या गाभ्यात लपून राहते. म्हणून बरे वाटते म्हणून गोळी मनाने सोडली की तो उसळतो आणि यकृत एकदम बसू शकते. दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि एएफपी नावाची रक्ततपासणी करायची, कारण या आजारात यकृताच्या कर्करोगाचा धोका असतो. तिथेही पुन्हा साखरच. कर्करोग झालेल्या पेशी एएफपी प्रथिनाच्या गाठीवर फ्युकोजचा एक जादा मणी लावतात, आणि असे एएफपी वेगळे ओळखण्यासाठी मसुरातले एक प्रथिन वापरतात, कारण ते नेमके त्या मण्यावाल्या गाठीलाच चिकटते. आपल्या डाळीच्या डब्यातला मसूर! ही खास तपासणी आपल्याकडे सर्रास होत नाही, साध्या एएफपीवर आणि सोनोग्राफीवर आपले काम चालते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांत हा विषाणू कायम वस्तीला आहे, आणि त्यातले जवळपास ३ कोटी भारतात. बहुतेकांना ते माहीत नाही. घरात कोणी जलोदराने किंवा यकृताच्या कर्करोगाने गेले असेल, तो दारू पीत असो वा नसो, तर भावाबहिणींनी आणि मुलांनी एकदा एचबीएसएजी करून घ्यावी. प्रत्येक गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांतच करावी.

दादांच्या पत्नी मागे एकदा लहान दिरासोबत आल्या होत्या. मी त्यांना सांगितले की दादांना बहुधा हाच आजार होता, दारू नव्हती, आणि चूक माझी होती. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे कागदावर लिहून देता का जी? पोराच्या सोयरिकीच्या टायमाले दाखवाले." मी लिहून दिले. तपासणी झालेली नसल्यामुळे 'बहुधा' हा शब्द ठेवावा लागला.

बाळ मुलगी आहे. जन्मल्यावर सहाव्या तासाला दोन्ही इंजेक्शने मिळाली, पुढचे तिन्ही डोसही वेळेवर झाले. तिच्या रक्ताची तपासणी नऊ महिने पूर्ण झाल्यावर करायची असते. त्याआधी केली तर त्या तयार प्रतिपिंडांमुळे उत्तर फसवे येते. पुढच्या सोमवारी नऊ महिने होतात. आईला सकाळी दहा वाजता बोलावले आहे.